जीन्स उलटी करून बघा

‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार.’ आमच्या किरनापुरात ही म्हण मराठी घरातसुद्धा हिंदीतच म्हणतात. बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात, बाघ नदी ओलांडली की गोंदिया, म्हणजे महाराष्ट्र. त्यामुळे आमच्या तोंडात दोन्ही भाषा एकाच वेळी असतात आणि जी म्हण जिथून मिळेल तिथून आम्ही उचलतो. ही म्हण कुकरला लागू होते, सायकलला होते, छत्रीला तर शंभर टक्के होते. हॉस्टेलला आल्यापासून मी ती जीन्सच्या बाबतीत ऐकतेय. सातशेची घेतलीस तर वर्षात फाटेल, सात हजारांची घे, कॉलेज संपेपर्यंत बघायला नको, असा हिशेब मला गेल्या तीन वर्षांत निदान दहा जणींनी समजावून सांगितला असेल. त्यांतल्या काहींनी घरून पैसे मागवून, काहींनी मोबाइलवरच्या हप्त्यांवर अशा जीन्स घेतल्याही. म्हणजे प्रश्न फॅशनचा वाटला तरी घरच्या पैशांचा आहे, म्हणून त्यावर मंडळाच्या ई-अंकात दोन-तीन पानं खर्च करायला हरकत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही म्हण जीन्सच्या बाबतीत एका किमतीपर्यंत खरी आहे आणि त्यापुढे नाही. आणि ती किंमत आपण समजतो त्यापेक्षा बरीच खाली आहे.

हे मत मी इंटरनेटवरून उचललेलं नाही. जीन्स बघायची कशी हे मला गावातल्या टेलर काकांनी दाखवलं. काकांचं दुकान म्हणजे पायाची एक मशीन, मोटर लावलेली दुसरी मशीन, एक इंटरलॉक आणि कोळशाची जुनी इस्त्री, जी आता फक्त दार उघडं ठेवायला टेकू म्हणून वापरतात. पूर्वी ते शर्ट-पँट शिवायचे. आता नवीन कपडा शिवायला फार कोणी येत नाही. दिवसभर जीन्सच येतात: लांबी कमी करायला, कंबर घ्यायला, चेन बदलायला. बाजारात टांगलेली चारशेची जीन्स आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरानं आणलेली आठ हजारांची, दोन्ही त्यांच्या एकाच टेबलावर उसवल्या जातात. जीन्सचं पोट आतून बघितलेला एवढा अनुभवी माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नसेल. ‘वरून सगळ्याच निळ्या दिसतेत पोरी,’ काका म्हणतात, ‘उलटी करून पाहा लागते.’

उलटी केल्यावर काय दिसतं? सगळ्यात आधी जोड बघायचे. चांगल्या जीन्समध्ये बैठकीची मागची शिवण आणि कमरेखालचा आडवा जोड असा असतो की कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडलेल्या, वरून दोन समांतर टिपा, आणि कच्ची कड कुठूनच दिसत नाही. ओढून बघितलं तर शिवण उघडत नाही, कापड ताणलं जातं. हलक्या जीन्समध्ये कडा नुसती इंटरलॉक केलेली असते आणि बाहेरून दोन टिपा मारून दुमडल्याचा आभास केलेला असतो. मग खिशाच्या तोंडाशी, चेनच्या खाली, पट्ट्याच्या लूपांना, म्हणजे जिथे जिथे ताण येतो तिथे दाट आडवे टाके आहेत का ते बघायचं. कारखान्यात त्याला बारटॅक म्हणतात. पट्ट्याचा लूप कमरेच्या पट्टीच्या आत जाऊन शिवला आहे की नुसता वर चिकटवल्यासारखा टाचला आहे, हेही बोट घालून कळतं. बटण नुसतं ठोकलंय की त्याखाली कापडाचे पुरेसे पदर आहेत? चेनचे दात धातूचे आहेत का, ती वर-खाली करताना अडते का? आणि खिशाचं अस्तर. हे कोणीच बघत नाही. जीन्सचं वरचं कापड धडधाकट असतानाच किल्ल्या आणि सुटे पैसे अस्तर खाऊन टाकतात. अस्तर बोटांत धरून उजेडाकडे करा. पलीकडचं बोट दिसलं तर दुकानदाराला परत द्या.

कापडाचं थोडं वेगळं आहे, ते नुसतं बघून पूर्ण कळत नाही. डेनिमचं वजन औंसात मोजतात, एका चौरस गजाला किती औंस. पुरुषांच्या दणकट जीन्सचं कापड साधारण बारा ते चौदा औंसांचं, ताणल्या जाणाऱ्या बायकांच्या जीन्सचं आठ-दहाच्या आसपास. सूत दोन प्रकारचं मिळतं. रिंग स्पन म्हणजे कापसाच्या तंतूंना सावकाश पीळ देत काढलेलं, मऊ आणि मजबूत. ओपन एंड म्हणजे झटपट आणि स्वस्तात निघणारं, थोडं कमजोर. आणि मग येतं इलॅस्टेन, ज्याच्यामुळे जीन्स ताणते. एक-दोन टक्के असेल तर बसा-उठायला सोपं जातं. जास्त असेल तर सुरुवातीला जीन्स अंगाला कातडीसारखी बसते. पण हा धागा उष्णतेनं आणि धुण्यानं कापसाच्या आधी मरतो, आणि गुडघ्याशी जे पोतं तयार होतं ते इस्त्रीनंही जात नाही. लेबलवर कापूस किती आणि इलॅस्टेन किती हे छापलेलं असतं. आपण साहित्याचे विद्यार्थी, दोनशे पानांची कादंबरी एका रात्रीत वाचतो, पण कंबरेच्या आतलं दोन ओळींचं लेबल वाचत नाही.

आता किमतीकडे येऊ. चारशे-पाचशेच्या जीन्समध्ये वरच्या यादीतलं बरंचसं गायब असतं, हे मान्य करायलाच हवं. विकणाऱ्याला त्यात कापड, शिलाई, चेन, बटण, वाहतूक, दुकानाचं भाडं आणि स्वतःचा नफा बसवायचा असतो. कुठेतरी कात्री लागणारच, आणि ती जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथे लागते. अस्तर पातळ होतं, टाके लांब-लांब पडतात, रंग पहिल्या तीन धुण्यांत बादलीत उतरतो. इथे म्हण खरी आहे. काकांकडे बैठकीला उसवून येणाऱ्या जीन्स बहुतेक याच असतात. हजार-बाराशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत गेलं की चित्र बदलतं. दुमडलेली शिवण, बारटॅक, बरं अस्तर, नावाजलेल्या कंपनीची चेन, हे सगळं मिळू लागतं. नेहमी नाही, पण बघून घेणाऱ्याला मिळतं. आणि नंतर? नंतर किंमत चढत राहते, पण शिवणीला चढायला फारशी जागाच उरलेली नसते. एका जोडाला दोनदा दुमडता येतं, सात वेळा नाही. ज्या जपानी कंपनीची चेन पंधराशेच्या जीन्सला असते, तिचीच पंधरा हजारांच्या जीन्सलाही सापडते.

इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाच्या डिझाइन विभागानं काही वर्षांपूर्वी स्वस्त आणि महाग कपडे घासून, ताणून, धुऊन तपासले होते. किंमत आणि टिकाऊपणा यांचा नेमका संबंध त्यांना सापडला नाही. काही स्वस्त कपडे महागांच्या पुढे गेले. या कामात पैसा प्रायमार्कचा होता, आणि ती कंपनी स्वस्त कपडेच विकते, तेव्हा तो निष्कर्ष मी चिमटीत धरूनच वाचते. पण काकांच्या टेबलावर जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो, एवढं नक्की.

मग वरचे पैसे जातात कुठे? काही कापडात जातात, आणि तिथे महागाच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. जपानमध्ये ओकायामा भागातल्या कोजिमा इथे अजूनही जुन्या धोट्याच्या मागांवर अरुंद पन्ह्याचं डेनिम विणतात. त्याची कड मागावरच बांधली जाते, म्हणून ती सुटत नाही. असं कापड सावकाश निघतं आणि महाग पडतं, त्यात फसवणूक काही नाही. त्या जीन्स न धुतलेल्या, कडक, गडद निळ्या विकतात आणि घालणाऱ्याच्या अंगावर वर्षानुवर्षांनी विटतात. एखाद्यानं पैसे साठवून अशी जीन्स घेतली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आपल्या आसपास सात हजारांना विकल्या जाणाऱ्या किती जीन्स अशा असतात? धरमपेठेतल्या काचेच्या दुकानांत मी जाऊन बघितलंय. महाग रॅकवर जास्त करून विटलेल्या, घासलेल्या आणि फाडलेल्या जीन्स असतात.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. जीन्स शिवून झाल्यावर तिला जुनी करावी लागते. त्यासाठी तिला दगडांबरोबर यंत्रात फिरवतात, ब्लीच करतात, लेझरनं जाळतात, किंवा सेल्युलेज नावाच्या विकरात बुडवतात. हे विकर करतं काय, तर कापसाचे तंतू खातं. म्हणून तर कापड मऊ लागतं. म्हणजे पाच वर्षं वापरल्यासारखी दिसावी म्हणून तिच्या आयुष्यातली काही वर्षं आधीच खर्च केलेली असतात, आणि त्या खर्चाचं बिल आपण भरतो. पूर्वी हेच काम वाळूचा झोत मारून करायचे. तुर्कस्तानात छोट्या, बंद कारखान्यांत हे काम करणाऱ्या तरुण पोरांच्या फुप्फुसात वाळूची धूळ जाऊन सिलिकोसिस झाला, अनेक मेले. २००९ मध्ये तिथल्या सरकारनं या कामावर बंदी घातली. नंतर मोठ्या ब्रँडांनीही हात काढून घेतला. ज्या फिकटपणासाठी आपण जास्त पैसे देतो, तो असा आलेला होता.

आता कापसाचा हिशेब करू, कारण तो मला कुठल्याही लेबलवर सापडला नाही. आमचा बालाघाट धानाचा जिल्हा, आमचा चिन्नोर तांदूळ २०२१ मध्ये जीआय मिळवून बसलाय. कापूस आमच्याकडे नाही. तो नागपूरच्या पुढे, वर्धा-यवतमाळ-अमरावतीत. एका जीन्सला, वाया जाणारं धरून, अंदाजे आठशे ग्रॅम रुई लागते असं समजा. कापसातून सरकी काढल्यावर एक तृतीयांशाच्या आसपास रुई उरते, म्हणजे साधारण दोन किलो चारशे ग्रॅम कापूस. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, किलोला ८१ रुपये. गुणाकार करा: १९५ रुपयांच्या आत-बाहेर. ओलाव्याचं कारण सांगून व्यापाऱ्यानं भाव पाडला तर त्याहून कमी. सातशेची जीन्स असो की सात हजारांची, शेतकऱ्याच्या पदरात पडतात ते हे एवढेच. उलट सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्याच्या खाली ५ टक्के. म्हणजे सात हजारांच्या जीन्सवर सरकारलाच हजारावर रुपये मिळतात, कापूस पिकवणाऱ्याच्या पाचपट. (सरकारनं रेघ नेमकी अडीच हजारांवर ओढली, आणि माझ्या हिशेबानं म्हणही तिथेच कुठेतरी खोटी व्हायला लागते. हा योगायोग मला आवडला.)

हे सगळं आपल्यापासून लांब घडतं असंही नाही. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडची डेनिमची मिल आहे. २००६ मध्ये बेल्जियमच्या यूको कंपनीबरोबर भागीदारी करून तिचा कारभार वाढला. ज्या जिल्ह्याचं नाव आपण पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत वाचतो, त्याच जिल्ह्यात जीन्सचं कापड विणलं जातं. कोणत्याही मोठ्या मिलचं कापड एकाच ब्रँडकडे जात नाही, वेगवेगळ्या किमतींच्या ब्रँडांकडे जातं. तेव्हा ‘माझ्या जीन्सचं कापडच वेगळं’ असं कोणी म्हणालं तर ‘कुठल्या मिलचं?’ एवढं विचारून बघावं.

आणि शिलाई? स्वस्त जीन्सचं नाव निघालं की आपल्याकडे उल्हासनगरचं नाव निघतंच. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे गाव. हाताला मिळेल तो धंदा करत त्यांनी ते उभं केलं, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आपल्या आजोबांच्या पिढीपासून चालत आलाय. तिथे घरोघरी आणि गाळ्यागाळ्यांत जीन्स शिवतात, आणि त्या सगळ्या देशात जातात. विनोद बाजूला ठेवला तर त्या शिवणाऱ्यांचे हात कमी आहेत असं काकांना वाटत नाही. ‘हात चांगलेच हायेत,’ ते म्हणतात, ‘पन नगामागं पैसा मोजते ना त्यायले, मंग टाका लांब पडनारच.’ म्हणजे एका जीन्समागे मिळणारी मजुरी इतकी कमी की जास्त नग काढल्याशिवाय घर चालत नाही, आणि घाईत टाके लांब पडतात. तिथल्या धुलाईच्या कारखान्यांचं निळं-काळं पाणी वर्षानुवर्षं वालधुनी नदीत गेलं आणि कोर्टकचेऱ्या झाल्या, हेही स्वस्त जीन्सच्या किमतीत धरलेलं नसतं. म्हणून मी ‘स्वस्त तेच घ्या’ असं म्हणत नाही. महाग आणि स्वस्त, दोन्हींच्या लेबलवर किंमत छापलेली असते, शिवणाऱ्याची मजुरी कशावरच नसते.

जीन्सचा जन्मच एका शिंप्याच्या दुकानात झाला, हे आपण विसरलोय. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एक बाई आली, म्हणाली नवरा लाकूडतोड्या आहे, पँट टिकतच नाही, जरा मजबूत शिवून द्या. डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांना घोड्याच्या सामानाला मारतात तसे तांब्याचे रिव्हेट ठोकले. पँट टिकली, मागणी वाढली. पेटंटला पैसे नव्हते म्हणून त्यानं आपल्या कापडवाल्याला पत्र लिहिलं. कापडवाला सॅन फ्रान्सिस्कोचा लीव्हाय स्ट्रॉस. २० मे १८७३ ला दोघांच्या नावे पेटंट मिळालं. नाव राहिलं कापडवाल्याचं. शिंप्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? ‘चांगली शिवलेली’ या शब्दांचा जीन्सच्या बाबतीत मूळ अर्थ हा होता: लाकूडतोड्याच्या खिशाचा कोपरा फाटू नये.

आणि त्याच्याही आधी आपला मुंबईचा डोंगरी भाग आहे. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड परदेशी जहाजांवर चढलं, खलाशांनी घातलं, आणि इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द रुळला. आज तोच शब्द मॉलमध्ये दीड हजारांच्या ‘डंगरीज’वर लावलेला असतो, आणि घेणाऱ्या मराठी मुलीला पत्ता नसतो की आपण डोंगरीच उच्चारतोय.

शिंप्याला परत मध्ये आणण्याचा एक प्रयत्न आपल्या देशात झाला होता. १९९५ च्या सुमारास अहमदाबादच्या अरविंद मिलनं ‘रफ अँड टफ’ नावानं न शिवलेली जीन्स विकायला काढली. पाकिटात डेनिमचं कापड, चेन, रिव्हेट, बटण, मागे लावायचा बिल्ला. किंमत दोनशे रुपयांच्या आत. पाकीट घ्यायचं आणि गावच्या शिंप्याकडे द्यायचं. गावोगावच्या हजारो शिंप्यांपर्यंत कंपनी पोचली होती. अक्षय कुमारची जाहिरात आमच्या आई-बाबांच्या पिढीला अजून आठवते. ती पाकिटं खेड्यापाड्यांत धडाक्यात खपली, व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तिचा दाखला देतात. काकांनी त्या काळात अशा कितीतरी शिवल्या. मोटर तेव्हाच लावली, कारण पायाच्या मशीनवर चार पदरांतून सुई जाताना मोडायची. ती जीन्स अंगाच्या मापाची असायची, आणि उसवली तर शिवणारा माणूस चार घरं सोडून बसलेला असायचा. आजच्या कुठल्या ब्रँडला हे जमलंय?

महाग वस्तू चांगली बनवलेली नसतेच, असं मी म्हणतेय असं कोणाला वाटू नये. आमच्याच जिल्ह्यात वारासिवनी आहे. तिथल्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये जीआय मिळालं. ती साडी पॉवरलूमच्या साडीपेक्षा महाग असते, पण ते महागपण कुठून आलं हे मागापाशी जाऊन बघता येतं. एक माणूस बसून धागा-धागा भरतोय, दिवस जातायत, तो प्रत्येक दिवस किमतीत आहे. तिथे मी म्हणेन, पैसे द्या आणि घासाघीस करू नका. सात हजारांच्या जीन्समध्ये असं बोट ठेवून दाखवता येईल असं किती आहे? जाहिरातीतली नटी, मॉलमधल्या गाळ्याचं भाडं, वरच्या मजल्यावरचा एसी. त्याला पैसे द्यायचे तर द्या, कोणी अडवलेलं नाही, फक्त त्याला ‘चांगली शिवलेली’ म्हणू नका.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट लिहायलाच हवी, ती म्हणजे खिसा. २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ नावाच्या अमेरिकेतल्या एका प्रकाशनानं वीस ब्रँडांच्या जीन्स मोजल्या. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. मी काही अमेरिकेत राहत नाही, पण माझा फोन इथेही अर्धा बाहेरच राहतो. काही जीन्सना तर खिसाच नसतो, नुसती खिशाची टीप मारलेली असते. महाग घेतली म्हणून यात फरक पडत नाही. उलट जितकी ‘फॅशनेबल’ तितका खिसा नाटकी. काका साठ रुपयांत अस्तर बदलून खिसा वितभर खोल करून देतात. माझ्या दोन्ही जीन्सना तसे खिसे आहेत, आणि हॉस्टेलमधल्या चौघींच्या जीन्स मी सुट्टीत बरोबर नेऊन करून आणल्या आहेत. ज्या जीन्सला हात घालायला खिसा नाही, ती सात हजारांची असली तरी अर्धवट शिवलेली आहे असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, अगं, आम्हाला माहीत आहे आपण नावाचे पैसे देतो. नाव दिसतं म्हणूनच घेतो. हे प्रामाणिक आहे आणि याच्याशी माझं भांडण नाही. गावाकडून शहरात आलेल्या माणसाला कोणी वर-खाली बघू नये म्हणून मागे एक बिल्ला हवासा वाटतो, हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. नाताळच्या मिडनाइट मासला नवीन कपडे घालून उभं राहिलं की आजूबाजूच्या चार बायका कुठलं, केवढ्याचं हे विचारतातच. पण मग तसं म्हणा. ‘टिकाऊ आहे म्हणून घेते’ हे कारण घरी सांगितलं की आई-वडील पैसे देतात, कारण टिकाऊपणावर त्यांचा विश्वास आहे. त्यांनी आयुष्यभर त्याच निकषावर वस्तू घेतल्या आहेत. धानाच्या पैशातून आलेले सात हजार त्या विश्वासावर जातात. बर्डीच्या फुटपाथवर तोच बिल्ला शिवलेली नक्कल आठशेला मिळते, आणि ती घेणारी निदान स्वतःला फसवत नाही.

गेल्या सुट्टीत मी काकांच्या दुकानात बसले होते तेव्हा एक मुलगा जीन्स घेऊन आला. गुडघ्यावर फाटलेली, म्हणजे तशीच विकत घेतलेली. ब्रँड बराच महागडा होता. म्हणाला, काका, भोक वाढत चाललंय, घेतली तेव्हा होतं तेवढंच करून द्या. काकांनी चष्मा वर केला, जीन्स उलटी केली, भोकाच्या कडेचे धागे नखानं ओढून बघितले. मग आतून जुन्या डेनिमचा तुकडा लावला, भोकाभोवती गोल दाट टाके घातले आणि मधलं भोक मापानं ठेवून दिलं. ‘आता हे नाही वाढत,’ म्हणाले. ‘बाकीची जीन्स फाटंल, भोक तसंच राहील.’ चाळीस रुपये घेतले.